जुन्या लाडक्या गाडीला निरोप द्यायचा का, हे कसं ठरवावं

दोन दिवशी हा निर्णय कधीच घेऊ नये. गाडी नागपूरच्या वर्धा रोडवर भर दुपारी बंद पडली त्या दिवशी, आणि गॅरेजमधून चकाचक होऊन घरी आली त्या दिवशी. पहिल्या दिवशी माणूस ती फुकटात द्यायला निघतो, दुसऱ्या दिवशी 'आता पाच वर्षं बघायला नको' म्हणतो. मधला एखादा साधा रविवार धरा आणि आधी आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, बाहेर काढा.

आरसीवरची तारीख

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल 2022 पासून कारचं हे शुल्क 600 वरून 5,000 रुपये झालं. 20 वर्षांवरच्या कारला ऑगस्ट 2025 पासून 10,000. त्यावर पर्यावरण कर, आणि तपासणीत पास व्हावी म्हणून करावी लागणारी कामं वेगळीच. अर्ज मुदतीच्या 60 दिवस आधीपासून करता येतो, पण विकायचं की ठेवायचं हे सहा महिने आधी ठरवा. मुदत तोंडावर आली की गिऱ्हाईक भाव पाडतं. 15 वर्षं झाली की पेट्रोल गाडी रस्त्यावरून हटवायची, हा प्रकार दिल्ली परिसरातला. नागपुरात कुणी त्यावरून घाबरवलं तर हसून सोडून द्या.

बिलं दोन ढिगांत लावा

टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, क्लच प्लेट हा एक ढीग. हे कुठल्याही गाडीला लागतंच, त्याचा राग धरू नका. दुसरा ढीग वयाचा: गंज, वायरिंग, रेडिएटर, इंजिनाची गळती. एकच काम वर्षात दोनदा निघालं असेल तर त्या बिलावर खूण करा. दुसऱ्या ढिगाची बेरीज गाडीच्या बाजारभावाशी ताडून बघण्यात अर्थ नाही, कारण भाव तसाही उरलेला नसतो. ती नव्या गाडीच्या वर्षभराच्या हप्त्यांशी आणि विम्याशी ताडा. पुष्कळदा जुनीच स्वस्त पडते. मग प्रश्न पैशांचा राहत नाही, भरवशाचा राहतो.

भरवसा मे महिन्यात कळतो

नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, सिग्नलवर तापमानाचा काटा चढायला लागला की आपले जुने चालक एसी बंद करून हीटर लावतात. हीटरची छोटी जाळी इंजिनाची उष्णता ओढून घेते, काटा उतरतो, आणि बाहेर 45 अंश असताना आत बसलेल्यांची भट्टी होते. असं एखाद्या वेळी झालं तर कूलंट, थर्मोस्टॅट, पंखा तपासा. सवयच पडली असेल तर इंजिन थंड असताना ऑइलचं झाकण उघडा. खाली दुधाळ चहासारखा थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असण्याची शक्यता आहे. थोडं चालणाऱ्या गाडीत नुसता ओलावाही जमतो, म्हणून डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टीही बघा. तिथंही तोच रंग असेल तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधल्या सीलचा, संशय घ्या. ते काम मोठं आहे.

मग एक लोहचुंबक दाराच्या खालच्या कडेवर आणि चाकांच्या कमानींवर फिरवा. जिथं धरत नाही तिथं रंगाखाली पत्रा नाही, पुट्टी आहे. इंजिन पुन्हा बांधता येतं. सडलेल्या पत्र्यावर पैसा घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे सगळं नेहमीच्या मिस्त्रीला न दाखवता दुसऱ्याला दाखवा. नेहमीच्याचाही तिच्यावर जीव असतो, आणि थोडा धंदाही. शेवटची परीक्षा घरच्यांची. अमरावतीच्या लग्नाला निघताना 'बसनंच जाऊ ना बाप्पा' असं ऐकू यायला लागलं, की हिशेबाची वही बंद केली तरी चालेल.

द्यायचं ठरलं तर

गाडी चालती असेल तर हौशी माणूस शोधा आणि तिच्या खोड्या आधीच सांगून टाका. भाव थोडा कमी येईल, पण रात्री फोन येणार नाहीत. गाडी 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे, घाई करू नका. पत्रा गेला असेल तर अधिकृत स्क्रॅपिंग केंद्र. तिथं सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी जमा केल्याचा दाखला, मिळतं, नव्या गाडीच्या नोंदणीत त्याची सवलत मिळते. कोपऱ्यावरच्या कबाड्याला दिली तर गाडी तुकडे होऊन जाते आणि आरसीवर नाव तुमचंच राहतं.

नावाचं हे प्रकरण हलक्यात घेऊ नका. नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, गाडी पुढे कितीही हातांतून गेली तरी अपघाताची भरपाई त्याच्या गळ्यात येऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट केलं. म्हणून मालकी बदलाच्या कोऱ्या फॉर्म 29-30 वर सह्या करून एजंटाच्या हाती देऊ नका. कर्ज फिटलं असेल तरी बोजा आरसीवर राहिला आहे का बघा. तो फॉर्म 35 नं उतरतो. 1 एप्रिल 2019 आधीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षेची नंबरपाटी, लावून घ्या. राज्यातल्या राज्यात विकली तर 14 दिवसांत आरटीओला कळवायचं. छिंदवाडा, शिवनी किंवा रायपूरचं गिऱ्हाईक आलं (आपल्याकडे येतंच) तर फॉर्म 28 वर आरटीओची एनओसी (ना हरकत) लागते, आणि तिकडे नोंद होईपर्यंत नाव तुमचंच असतं. पावतीवर तारखेसोबत वेळ आणि किलोमीटरचा आकडाही लिहा.

चावी दिली की त्याच दिवशी फास्टॅग बंद करा. विम्यातला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सवलत, गाडीचा नसतो, तुमचा असतो. कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं. मग एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर अधूनमधून नंबर टाकून बघत राहा, मालकाच्या रकान्यात दुसरं नाव येईपर्यंत.