तक्रार नसताना शाळेत जा : प्राथमिक शाळेशी पालकांनी नातं कसं जोडावं

माझा मुलगा पहिलीत होता. आषाढीच्या दिंडीला शाळेतली सगळी पोरं धोतर-टोपी घालून, कपाळाला गंध लावून आली होती. मुलींच्या डोक्यावर तुळशी होत्या. हा एकटा गणवेशात. शाळेने सूचना तीन दिवस आधी दिली होती, पण पालकांच्या ग्रुपवर ती ‘ओके मॅडम’, ‘धन्यवाद मॅडम’च्या ढिगाखाली गेली आणि मी ती वाचलीच नाही. घरी आल्यावर तो रडला नाही. बूट काढता काढता एवढंच म्हणाला, “आई, मी सगळ्यात मागे उभा राहिलो.” त्या दिवसापासून आमच्या घरी जे बदललं, ते इथे सांगते.

पहिलं काम : सूचनेला घरात जागा द्या

दप्तर रोज ठरलेल्या वेळी उघडायचं आणि तेही मुलाच्याच हाताने. डायरी बघा, वहीची शेवटची पानं बघा, कंपासपेटीत घडी करून कोंबलेली चिठ्ठी बघा. तारीख मिळाली की लगेच भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहा. मोबाइलमधली तारीख ज्याचा मोबाइल त्यालाच दिसते. भिंतीवरची आजीला दिसते, बाबांना दिसते आणि मुलालाही. ग्रुपवर बाईंचा मेसेज आला की त्याला स्टार करून ठेवा. ग्रुपवर फक्त शिक्षकांनीच लिहायचं, असं सेटिंग करायला बाईंना सुचवून पाहा. आमच्याकडे त्याने निम्मा घोळ मिटला.

पावसाळ्यात जास्त सावध राहा. आमच्या नाशकात गोदावरीला पूर आला, पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं, की ‘उद्या शाळांना सुट्टी’चे मेसेज फिरायला लागतात. त्यातले काही मागच्या वर्षीचेच असतात. अशा सुट्टीचा आदेश जिल्हाधिकारी काढतात. त्यावरची तारीख वाचा आणि शाळेकडून निरोप आल्याशिवाय मेसेज पुढे पाठवू नका.

दुसरं : मुलाला नेमकं विचारा

“आज शाळेत काय शिकवलं?” याचं उत्तर “काही नाही” हेच येणार. त्याऐवजी “आज डबा कुणाशेजारी बसून खाल्लास?”, “बाई आज कशावर हसल्या?”, “कुठलं गणित अडलं?” असं विचारा. घरात पाऊल ठेवल्या ठेवल्या नको. आधी हातपाय धुऊ दे, खाऊ दे. माझा मुलगा खरं बोलतो ते रात्री अंथरुणात, दिवा मालवल्यावर. वर्गातल्या एका मुलाची भीती वाटते, हे त्याने मला तेव्हाच सांगितलं.

तिसरं : जूनमध्येच बाईंना भेटा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. आपण शाळेत जातो ते एक तर दाखला हवा म्हणून, नाहीतर भांडायला. मग बाईही आपल्याला बघून सावध होतात. शाळा सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत, वेळ विचारून, दहा मिनिटांसाठी जा. भर वर्गात किंवा गेटवर घाईत बोलू नका. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीत काम करत असाल तर तसं सांगा. पाळी बघून वेळ ठरवता येते, आणि आई-बाबांना जमत नसेल तर आजोबांनी जावं.

भेटल्यावर मुलाचं कौतुक किंवा गाऱ्हाणं नको. बाईंना वर्गात बसून जे कळणार नाही ते सांगा : चष्मा, दमा, फिट, कशाची ॲलर्जी, घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर ते. घरची भाषाही सांगा. मालेगाव-सटाण्याकडून नाशकात आलेल्या कितीतरी घरांत अहिराणी बोलतात. अहिराणीत ‘कुठे’ला ‘कथा’ म्हणतात. मूल “कथा?” असं विचारतं आणि नव्या बाईंना वाटतं ते गोष्ट मागतंय. अशा दोन-तीन वेळांनंतर मूल बोलायचंच थांबतं आणि ‘अबोल आहे’ असा शेरा मिळतो. हे आधी सांगितलं तर टळतं.

चौथं : पालकसभेला वही घेऊन जा

पालकांशी नियमित भेटून मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणं हे शिक्षकांचं काम आहे, असं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच लिहिलंय. म्हणजे तुम्ही विचारता ते उपकार म्हणून नाही. मात्र “अभ्यास कसा आहे?” असं मोघम विचारलं की “ठीक आहे” असं मोघमच ऐकायला मिळतं. वहीतलं पान उघडून दाखवा आणि विचारा, “हातच्याच्या वजाबाकीत इथे चुकतो, घरी आम्ही काय करू?” प्रगतिपुस्तकात श्रेणी बघून पान उलटू नका. शेजारी वर्णनात्मक नोंद असते, बाईंचं म्हणणं तिच्यात असतं. ती मुलासमोर वाचा, पण शेजारच्या मुलाशी तुलना न करता.

पाचवं : समिती

विनाअनुदानित खासगी शाळा सोडल्या तर बाकीच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. शाळेचा विकास आराखडा करणं आणि आलेलं अनुदान कुठे खर्च होतं ते बघणं हे तिचं काम. तुमच्या शाळेच्या समितीत कोण आहे, हे मुख्याध्यापकांना विचारा. पोषण आहार मिळत असेल तर एखाद्या दिवशी जाऊन खिचडीची चव घ्या. समितीत निवडून येण्यासाठी शिक्षण किती झालंय हे कुणी विचारत नाही. पालक असणं पुरेसं आहे.

सहावं : तक्रार असेल तेव्हा

आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, मग समिती. तिथेही सुटलं नाही तर जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी, महापालिकेच्या शाळेसाठी पालिकेचा शिक्षण विभाग. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. मुलाला मारलं असेल तर मात्र पायऱ्या मोजत बसू नका, त्याच दिवशी लेखी द्या. कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी आहे. ग्रुपवर मात्र कधीच लिहू नका. तिथे साठ घरं वाचतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याचा चटका मुलाला बसतो.

आणि घरची बातमीही शाळेत पोचवा

दुसरीत असताना एकदा सिटीलिंकच्या थांब्यावर उभं असताना माझ्या मुलाने समोरून येणाऱ्या बसची पाटी अक्षर-अक्षर जुळवत मोठ्याने वाचली : नि-मा-णी. त्याने स्वतःहून वाचलेला तो पहिला शब्द. मी डायरीत दोन ओळी लिहून पाठवल्या. दुसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर बसच्या पाट्यांची नावं लिहिली आणि ती वाचायला त्याला पुढे बोलावलं. पंचवटी, शालिमार, नाशिकरोड. ‘शालिमार’ला तो अडला, तेव्हा पुढच्या बाकावरच्या मुलीने त्याला ‘लि’ सांगितला.