खेड्यातल्या मुलांना अभिनय कसा शिकवावा

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीपट्टीतल्या मुलांनी नाटक पाहिलेले असते, ही शिकवणाऱ्याची मोठी सोय आहे. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि रात्रभर चालणारे नाटक मुले आईच्या मांडीवर झोपत-उठत पहाटेपर्यंत पाहतात. त्यामुळे पहिल्याच दिवशी ती आवडत्या खलनायकाची हुबेहूब नक्कल करतात आणि आपणही नकलेनेच शिकवू लागतो. मी सुरुवातीला हीच चूक केली. प्रत्येक वाक्य स्वतः म्हणून दाखवले, आणि महिनाभरात सगळी मुले माझ्याच हेलात बोलू लागली. म्हातारीचे काम करणारी नऊ वर्षांची मुलगीसुद्धा माझ्यासारखाच उजवा हात उचलत असे. तेव्हापासून मी मुलांपुढे भूमिका करून दाखवत नाही, आणि इतरांनीही दाखवू नये असे मला मनापासून वाटते.

दाखवण्याऐवजी विचारावे. रोवणीहून, म्हणजे भाताची लावणी करून, परतलेली आई ओसरीवर कशी बसते, असा प्रश्न एका मुलीला विचारला असता ती बराच वेळ काहीच बोलली नाही. मग तिने कमरेवर हात दाबला, एका पायाच्या बोटांनी दुसऱ्या पायाचा वाळलेला चिखल खरवडला, हळूच टेकली आणि मग कुठे पाण्यासाठी हात पुढे केला. एकही शब्द नव्हता, तरी समोरची सगळी मुले गप्प झाली होती. अशा वेळी लगेच शाबासकी देऊ नये, कारण ती मिळताच मूल दुसऱ्यांदा तेच फुगवून करते. त्याऐवजी ‘पाणी कोणी आणून दिले?’ असे विचारावे, म्हणजे प्रसंगात दुसरे पात्र आपोआप येते. पहिले दोन आठवडे संहिता हातात न देता एवढेच करावे.

आवाजासाठी धान कापल्यानंतरची मोकळी बांधी, म्हणजे बांधांनी वेढलेले भातशेत, उत्तम. दोन मुलांना समोरासमोरच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, उभे करून साधे संभाषण करायला सांगावे. मुले आधी किंचाळतात आणि त्यांचा घसा बसतो. म्हणून पोटावर हात ठेवून श्वास कुठे भरतो ते त्यांना जाणवू द्यावे, स्वर किंचित लांबवायला सांगावे आणि वाक्याचा शेवटचा शब्द गिळू देऊ नये. ध्वनिक्षेपक असला तरी हा सराव टाळू नये, कारण गिळलेला शब्द तिथेही ऐकू जात नाही.

भाषेबाबत मी आग्रही आहे. आमच्या मुलांच्या तोंडी ‘पाणी’ नव्हे, ‘पानी’ असते आणि ‘का’ऐवजी ‘काहून’ येते. पहिल्या तालमीतच उच्चार सुधारायला घेतले, तर मूल अर्थ सोडून ‘ण’ सांभाळत बसते. प्रसंग आधी त्याच्या बोलीत, त्याच्या शब्दांत होऊ द्यावा. राग, लाज, विनवणी नेमकी कुठे आहे हे त्याला कळल्यावर मगच लिहिलेले वाक्य द्यावे. पात्र गावातले असेल तर बोली तशीच ठेवावी.

आपल्याकडच्या व्यावसायिक नाटकांत कमी तालमींमुळे आडून संवाद सांगणाऱ्या प्रॉम्प्टरवर बरीच भिस्त असते, आणि मुरलेला नट त्याचा शब्द कानाने टिपत डोळे मात्र समोरच्या नटावर ठेवतो. मुलांना हे इतक्यात जमत नाही. ती विंगेकडे पाहतात. यावर माझा उपाय असा, की प्रॉम्प्टिंगचे काम मुलांनीच आळीपाळीने करावे. वही हातात घेऊन बसलेल्या मुलाला पहिल्यांदाच पूर्ण नाटक ऐकावे लागते, आणि पुढे स्वतःची पाळी नसतानाही ते रंगमंचावर लक्ष देऊन उभे राहते.

तालमी रोवणी आणि कापणीच्या मधल्या काळात, पोळ्यानंतर सुरू कराव्यात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मुलांच्या तान्हा पोळ्याला सजून, लाकडी बैल घेऊन आलेल्या मुलांमध्ये कोणाला रंगून जायला आवडते हे आधीच दिसलेले असते. तालीम दिवस मावळण्याआधी संपवावी, म्हणजे मुलींच्या घरून नकार येत नाही. मुलांचे नाटक वीस-पंचवीस मिनिटांचेच असावे आणि मोठ्यांच्या नाटकाआधी व्हावे. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एकत्र बसवून प्रत्येकाला एकच गोष्ट विचारावी: काल रंगमंचावर तुझ्या सोबत्याने नवीन काय केले, ते तुला दिसले का?