साठीनंतरची गुडघेदुखी: रोजचा दिवस कसा लावायचा

तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं जुनाट धरतात. साठीनंतर अशा दुखण्यात गुडघ्यांचा नंबर फार वरचा. एक्स-रे काढला की "झीज आहे", "गॅप कमी झाली आहे" असं कानावर येतं, आणि माणूस घाबरून चालणं-फिरणं बंद करतो. खरं नुकसान तिथून सुरू होतं. एक्स-रेतली झीज आणि प्रत्यक्ष ठणका यांचा मेळ बरेचदा बसत नाही. झीज खूप दिसत असूनही आरामात चालणारी माणसं असतात आणि थोड्याशा झिजेने हैराण झालेलीही असतात. गुडघ्याला सावरून धरतो मांडीच्या पुढचा मोठा स्नायू. बसून राहिलं की हा स्नायू आठवड्या-दोन आठवड्यांत सैल पडायला लागतो, सगळा भार सांध्यावर येतो, दुखणं वाढतं, म्हणून आणखी बसून राहायचं. हा फेरा मांडीपासूनच तोडावा लागतो.

आधी दुखणं झिजेचंच आहे ना, एवढं पाहून घ्या. झिजेच्या गुडघ्यात सकाळचा आखडलेपणा साधारण अर्ध्या तासात सुटतो, चालल्यावर आणि जिना उतरताना दुखतं, बसलं की बरं वाटतं. सकाळी तासाभराहून जास्त वेळ सांधे आखडलेले राहत असतील, बोटांचे छोटे सांधे सुजत असतील, तर तो वेगळा संधिवात असू शकतो. त्याची औषधं वेगळी असतात आणि ती लवकर सुरू करावी लागतात. गुडघा नुसता कटकट वाजत असेल आणि दुखत नसेल, तर त्या आवाजाची काळजी करू नका.

मांडीचा व्यायाम

चार गोष्टी पुरतात. पहिली पलंगावर, उठायच्या आधी करायची. पाठीला उशी लावून पाय लांब करून बसा. दुखऱ्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, मनगटापेक्षा जरा जाड. चवडा आपल्याकडे ओढा आणि गुडघ्याने ती गुंडाळी खाली दाबा. पाच मोजेपर्यंत दाबून धरा, पाच मोजेपर्यंत सोडा. असं १० वेळा, मग दुसरा पाय. सकाळ-संध्याकाळ. बरोबर होतंय का हे हाताने कळतं: गुडघ्याच्या वाटीच्या वर चार बोटांवर तळवा ठेवा, दाबताना तिथलं मांस घट्ट झालं पाहिजे आणि वाटी किंचित वर सरकली पाहिजे. मांस मऊच राहिलं तर तुम्ही टाचेने किंवा कुल्ल्याने जोर लावताय. आकडे मोठ्याने मोजा. मनात मोजताना माणूस श्वास कोंडून धरतो, आणि त्याने ब्लड प्रेशर वाढतं.

दुसरी गोष्ट: उताणं झोपून एक गुडघा वाकवून पाऊल टेकवा, दुसरा पाय सरळ. सरळ पायाची मांडी आधी घट्ट करा आणि मगच पाय वीतभर वर उचला. पाच मोजा, हळू खाली आणा. वीतभरच. जास्त उंच उचलला की काम मांडीकडून जांघेकडे जातं आणि कंबर उचलली जाते. कंबरदुखी असेल तर हा प्रकार सोडा, पहिलाच दुप्पट करा.

तिसरी खुर्चीतली उठबस. खुर्ची चाकं नसलेली, पाठ भिंतीला टेकवलेली. बैठक साधारण १८ इंच उंच हवी. कमी असेल तर वर घट्ट उशी किंवा घडी केलेली सतरंजी टाका. पावलं गुडघ्याच्या किंचित मागे घ्या, नाक पायाच्या बोटांच्या रेषेत येईपर्यंत पुढे झुका आणि दोन मोजत उठा. बसताना चार मोजा. सगळी कमाई त्या सावकाश बसण्यात आहे, आणि तिथेच लोक धपकन अंग टाकतात. गुडघे आत वळू देऊ नका. सुरुवातीला पाच वेळा, मग हळूहळू दहा. हातांचा आधार लागला तर जरूर घ्या.

चौथी चालणं: सपाट जागेवर, दहा-दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. घरातल्या फरशीवर अनवाणी फिरू नका. मऊ तळव्याची, टाचेला पट्टा असलेली चप्पल घरासाठी वेगळी ठेवा.

व्यायाम करताना थोडं दुखणार, त्याने गुडघा बिघडत नाही. मोजायचं असं: दुखणं ० ते १० मध्ये किती, ते व्यायामाच्या आधी आणि नंतर बघा. फार तर दोनने वाढलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत झालं, तर प्रमाण ठीक. सकाळी उरलं तर किती वेळा करता तो आकडा निम्मा करा, पण व्यायाम बंद करू नका. फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात "काही उपयोग नाही" म्हणून सोडून देणारे फार, आणि ते ऐकून खरोखर वाईट वाटतं, कारण स्नायू तेव्हा नुकता जागा होत असतो.

कामाची वाटणी

गुडघा बरा वाटला की दिवाळीची साफसफाई, माळ्यावरचे डबे, बाजार सगळं एका दिवसात उरकायचं आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढायचे, हे घरोघरी चालतं. यावर उपाय घड्याळाचा. तीन दिवस नुसतं टिपून ठेवा: ओट्याशी उभं राहिल्यावर किती मिनिटांनी दुखायला लागतं? समजा २०, २५ आणि १५. सरासरी २०. त्यातून पाचवा भाग काढा, म्हणजे १६ मिनिटं. आता दुखो न दुखो, १६ मिनिटं झाली की पाच मिनिटं बसायचं. चांगल्या दिवशीही १६, वाईट दिवशीही शक्यतो १६. दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवा. थांबा म्हणायचं काम घड्याळाकडे दिलं की मेंदू प्रत्येक हालचालीला धोक्याची घंटा वाजवायचं हळूहळू कमी करतो. दुखण्याच्या नसा सवयीने जास्त तिखट होतात, त्या अशाच शांत कराव्या लागतात.

जमिनीवरची कामं वर आणा. भाजी निवडणं, पोळ्या लाटणं टेबलावर. विळीऐवजी सुरी आणि भाजी चिरायची फळी. पूजेला मांडी घालून बसण्याऐवजी देव्हारा खुर्चीच्या उंचीवर घ्या. देवाला त्याचं काही वाटत नाही, पण घरातल्यांनी तसं मोकळेपणाने म्हणायला हवं, नाहीतर आजी कुणाला न सांगता खालीच बसत राहतात. मोरीत पाटाऐवजी रबरी पायांचं प्लास्टिकचं स्टूल ठेवा. उकिडवं बसण्यात गुडघ्यावर सर्वांत जास्त दाब येतो, म्हणून भारतीय संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोड-खुर्ची घ्या आणि शेजारच्या भिंतीत आडवा दांडा पक्का ठोकून घ्या. टॉवेलच्या दांडीला धरून उठू नका, ती वजन पेलत नाही.

खाली बसावंच लागलं तर उठताना असं: कुशीवर वळा, चार पायांवर या, रांगत खुर्चीपाशी जा, दोन्ही हात बैठकीवर टेका, बरा पाय पुढे घेऊन पाऊल टेकवा आणि हातांच्या जोराने उठा. कुणी मदतीला असेल तर काखेत हात घालून ओढू नये, नुसती खुर्ची धरून ठेवावी.

काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरतात. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, आणि काठी व दुखरा पाय एकदम पुढे. बहुतेक लोक उलटं धरतात. उंची मोजायची तर चपला घालून सरळ उभे राहा, हात सैल सोडा. काठीची मूठ मनगटाच्या रेघेला आली पाहिजे. खालचं रबर झिजून गुळगुळीत झालं की बदला. जिन्यावर चढताना आधी बरा पाय, उतरताना आधी दुखरा.

एसटीने जाताना कडेची जागा घ्या, पाय मधल्या वाटेत लांब करता येतो. ७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून एसटी मोफत झाल्याने लांबचे प्रवास वाढले आहेत. अर्ध्या-पाऊण तासाने टाच पुढे-मागे १० वेळा सरकवा.

शेक, पट्टा, झोप

आखडलेल्या गुडघ्याला गरम शेक, १५ ते २० मिनिटं, कपड्यात गुंडाळलेल्या पिशवीने. सुजलेल्या, हाताला गरम लागणाऱ्या गुडघ्याला बर्फ, तोही कपड्यातून, १० मिनिटं. बाम किंवा जेल चोळून वरून गरम पिशवी ठेवली की कातडी भाजते. मधुमेहाने पाय बधिर असतील तर पाण्याची ऊब हाताच्या कोपराने आणि घरच्या दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या.

नी-कॅप फिरायला जाताना वापरा, झोपताना काढा. रात्री गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायची सवय मोडा. सुख वाटतं खरं, पण हळूहळू गुडघा पूर्ण सरळ होईनासा होतो आणि मग उभं राहायलाच जोर लागतो. कुशीवर झोपून दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवा.

वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. पाच किलोंचा हिशेब तुम्हीच करा.

गोळ्या

इथे सर्वांत जास्त घोळ होतात. पोटात घ्यायच्या गोळीआधी डायक्लोफेनॅकचं जेल वापरून पाहा. बोटाच्या पहिल्या पेराएवढी रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. एका गुडघ्याला दोन ते चार ग्रॅम, दिवसातून तीन-चारदा, हलक्या हाताने पसरून. वाटाण्याएवढं लावून "लागू पडत नाही" म्हणू नका. जखमेवर लावू नका, लावल्यावर हात धुवा. किडनीचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर जेलसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

पॅरासिटामॉल ६५० ची असेल तर दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर आणि दिवसाला चारच्या वर नको. वजन ५० किलोंच्या खाली, यकृताचा आजार किंवा दारू असेल तर त्याहून कमी, डॉक्टर सांगतील तेवढीच. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या जोडगोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, म्हणून पाकिटामागची बारीक अक्षरं भिंग घेऊन वाचा.

डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, इटोरिकॉक्सिब या गोळ्या मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नका. त्या जठराला जखम करतात, ब्लड प्रेशर वाढवतात, किडनीवर ताण आणतात. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी ब्लड प्रेशरची गोळी, सोबत लघवी जास्त होण्याची गोळी आणि वर ही वेदनाशामक, अशी तिघं एकत्र आली की किडनी अचानक बंद पडू शकते. जुलाब-उलट्या झाल्या किंवा उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तर धोका आणखी मोठा. एकादशीला, चतुर्थीला रिकाम्या पोटी ही गोळी घेऊ नका. काळी, डांबरासारखी शौचाला झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

नाव-घटक न छापलेली पुडी किंवा काढा घेतल्यावर दोन दिवसांत दुखणं गायब झालं, तर शंका घ्या. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेली सापडली आहेत. चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. महिनोन् महिने घेतली असेल तर एकदम बंदही करू नका, पुडी घेऊन डॉक्टरांना दाखवा.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची मात्रा आठवड्यातून एकदा सांगितलेली असते आणि चुकून रोज घेतली जाते. त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढून माणूस दवाखान्यात भरती होतो. कॅलेंडरवर वार लिहून ठेवा. तळपायांची आग, मुंग्या असतील, विशेषतः शाकाहारी किंवा वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांना, तर बी-१२ तपासून घ्या. ते दुखणं गुडघ्याचं नसतं.

थांबू नये असं केव्हा

गुडघा लाल, गरम आणि सोबत ताप. एकाच पोटरीला अचानक सूज. पडल्यानंतर पायावर भार घेता न येणं. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आणि वजन उतरणं. कंबरदुखीसोबत लघवी-शौचावरचा ताबा जाणं. यात घरचे उपाय करत बसू नका.

बाकीच्या वेळी डॉक्टरकडे जाताना सगळ्या गोळ्या पाकिटांसकट एका पिशवीत घाला आणि दुखण्याने तुमचं काय थांबवलं ते सांगा: "दुसरा मजला चढता येत नाही", "नातवाला शाळेत सोडता येत नाही". नुसतं "खूप दुखतं" यापेक्षा डॉक्टरला यातून जास्त कळतं. झोप लागत नसेल, कशात मन लागत नसेल तर तेही सांगा, लाजू नका. त्यावर उपचार झाले की दुखण्याचा आकडाही खाली येतो.

स्टेरॉइडचं इंजेक्शन सांध्यात घेतलं तर काही आठवडे आराम पडतो. ते आठवडे व्यायाम वाढवायला वापरा. सगळं करूनही घरातल्या घरात चालणं अशक्य झालं तर सांधाबदलाचा विचार करा. ऑगस्ट २०१७ पासून गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे, त्यामुळे बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा. तारीख ठरली की चार-सहा आठवडे आधीपासून टॉवेलची गुंडाळी दाबायला लागा. शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपिस्ट सगळ्यात आधी तेच करायला सांगतात.