विमानाच्या तिकिटातली ट्रेन सोडताय? या चुका टाळा

आई-बाबा मुंबईहून जर्मनीतल्या फ्रँकफर्टला उतरणार आणि तिथून ट्रेनने कोलोनला मुलाकडे येणार. विमान आणि ट्रेन मिळून तिकीट एकच, जाऊन-येऊन. मुलगा विचार करतो, दोन जड बॅगा, त्यात लोणच्याच्या बरण्या, आईचे गुडघे दुखतात, कशाला त्यांना ट्रेनची धावपळ? तो गाडी घेऊन थेट विमानतळावर जातो. सगळे हसत-खेळत घरी पोचतात. ट्रेनचं तिकीट वाया गेलं तर गेलं, चार पैसे बुडाले.

दोन-अडीच महिन्यांनी परतीचं चेक-इन करायला बसल्यावर स्क्रीनवर काहीच उघडत नाही. फोन केल्यावर कळतं की परतीचं बुकिंग त्याच दिवशी, म्हणजे आई-बाबा ट्रेनमध्ये बसले नाहीत त्या दिवशीच, रद्द झालं होतं.

ही चूक आळसातून होत नाही, प्रेमातून होते. म्हणून तर ती वारंवार होते. शिवाय आपल्या सवयीही तिला खतपाणी घालतात. पुण्याहून नागपूरला जाणारी गाडी चुकली म्हणून नागपूरहून परतीचं आरक्षण कुणी काढून घेत नाही. दोन्हीचे पीएनआर वेगळे, हिशेब वेगळा. फार तर, ठरलेल्या स्टेशनवर बसला नाहीत तर टीसी तुमचा बर्थ आरएसीवाल्याला देऊन टाकेल, पण ते त्या एका गाडीपुरतंच. विमानाच्या तिकिटाचं तसं नसतं.

ट्रेन नव्हे, कागदोपत्री विमानच

विमान कंपनी ट्रेनसकट तिकीट विकते तेव्हा त्या ट्रेनला विमानासारखा फ्लाइट नंबर मिळतो आणि स्टेशनला विमानतळासारखा तीन अक्षरी कोड. कोलोनच्या मुख्य स्थानकाचा कोड क्यूकेएल, श्टुटगार्टचा झेडडब्ल्यूएस, ब्रसेल्स-मिडीचा झेडवायआर. ई-तिकिटात प्रत्येक टप्प्याचं एक कूपन असतं आणि ही कूपनं क्रमानेच वापरायची असतात. आई-बाबांच्या तिकिटात चार कूपनं होती: मुंबई ते फ्रँकफर्ट विमान, फ्रँकफर्ट ते कोलोन ट्रेन, कोलोन ते फ्रँकफर्ट ट्रेन आणि फ्रँकफर्ट ते मुंबई विमान. दुसरं कूपन वापरलं गेलं नाही, संगणकाने त्यांना ‘नो-शो’, म्हणजे प्रवासाला न आलेले, ठरवलं आणि तिसऱ्या-चौथ्या कूपनावरच्या जागा सोडून दिल्या.

मुलाला वाटलं, ट्रेन हा प्रवासाचा शेवटचा टप्पा आहे. जायच्या प्रवासाचा होताच, पण तिकिटाचा नव्हता. ते मधलं कूपन होतं. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

सगळी रेल्वे-तिकिटं एकसारखी समजू नका

जर्मनीत दोन प्रकार आहेत आणि त्यांच्यात नेहमी गल्लत होते. एक लुफ्तान्सा या जर्मन विमान कंपनीचं लुफ्तान्सा एक्स्प्रेस रेल. याचं जुनं नाव एआयरेल. २००१ साली श्टुटगार्ट ते फ्रँकफर्ट विमानतळ या मार्गावर ते सुरू झालं आणि २००३ मध्ये कोलोन त्यात आलं. यात ठराविक गाडी, ठराविक वेळ आणि फ्लाइट नंबर असतो. म्हणजे कूपनाचा कडक नियम इथे पूर्ण लागू.

दुसरा रेल अँड फ्लाय. यात साधारणपणे एका गाडीला बांधून घेतलेलं नसतं. उड्डाणाच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी, आणि परत आल्यावर उतरलेल्या किंवा दुसऱ्या दिवशी, तुम्ही सोयीची गाडी पकडता. ही ट्रेन सोडल्याने विमानाच्या तिकिटाला सहसा धक्का लागत नाही. पण काही कंपन्या हाही टप्पा तिकिटात कूपन म्हणून घालतात, तेव्हा गृहीत धरू नका, विचारा.

ओळखायचं कसं? प्रवासाचा तक्ता उघडा. ट्रेनच्या ओळीत फ्लाइट नंबर आणि सुटण्या-पोचण्याची नेमकी वेळ असेल, विमानाच्या प्रकाराच्या जागी ‘टीआरएन’ असं लिहिलं असेल, तर ती ट्रेन तिकिटाच्या साखळीतली कडी आहे. ऑस्ट्रियात लिंझ किंवा साल्झबुर्गहून व्हिएन्ना विमानतळाला, स्वित्झर्लंडमध्ये बाझलहून झुरिक विमानतळाला, ब्रसेल्स-मिडीहून पॅरिसच्या शार्ल द गोलला अशीच तिकिटं मिळतात. नावं वेगवेगळी, स्वभाव तोच.

स्वस्त पडतं म्हणून घेतलं, आता ट्रेन कशाला?

ही चूक जाणूनबुजून केली जाते. फ्रँकफर्ट ते मुंबई थेट तिकिटापेक्षा कोलोनहून ट्रेन धरून फ्रँकफर्टमार्गे मुंबई हे तिकीट कधी कधी स्वस्त निघतं. लांबचा प्रवास कमी पैशांत, हे गणित डोक्याला पटत नाही. पण कंपनी अंतर विकत नाही, स्पर्धा बघून दर लावते. कोलोनच्या माणसाला इस्तंबूल, दुबई, ॲमस्टरडॅम असे पर्याय खुले असतात, त्यामुळे त्याला ओढायला दर पाडावा लागतो. फ्रँकफर्टकराला दारातून थेट विमान मिळतं, ते सोयीचं म्हणून त्याच्याकडून जास्त घेता येतात.

मग फ्रँकफर्टमध्येच राहणारा एखादा हुशार विद्यार्थी कोलोनहून तिकीट काढतो आणि ट्रेनला टांग मारून सरळ विमानतळावर जातो. तिथे काउंटरवर कळतं की पहिलंच कूपन कोरं आहे. आता एकतर त्या दिवशीच्या भावाने फरक भरा, नाहीतर घरी जा. सुट्टीच्या हंगामात हा फरक मूळ तिकिटाहून जास्तही भरू शकतो.

‘कंपनीने असं तिकीट बाद करणं बेकायदा नाही का?’ असं पुष्कळजण विचारतात. जर्मनीच्या संघीय न्यायालयाने एप्रिल २०१० मध्ये याबाबत निकाल दिला होता. क्रम मोडला की तिकीट सरसकट बाद, हे कलम प्रवाशावर अन्याय करणारं आहे असं न्यायालयाने म्हटलं. मात्र जितका प्रवास प्रत्यक्ष केला त्याचं भाडं जास्त होत असेल तर फरक मागायला कंपनीला मोकळीक राहिली. म्हणून आता बऱ्याच युरोपीय कंपन्यांच्या अटींत ‘भाडं नव्याने मोजू’ असं असतं. निकाल दाखवून काउंटरवर भांडण जिंकता येईल ही आशा मात्र सोडा. मागे रांग उभी असते आणि गेट बंद व्हायला पाऊण तास उरलेला असतो.

ट्रेनमध्ये बसूनही नो-शो

एक्स्प्रेस रेलच्या ट्रेनसाठीही विमानासारखं चेक-इन करावं लागतं, तेव्हाच ट्रेनचा वैध पास हातात येतो. नुसती बुकिंगची ईमेल तिकीट तपासनीसाला दाखवून भागत नाही. तसंच, ठरलेल्या गाडीच्या आधीची गाडी रिकामी दिसली म्हणून तीत चढू नका, तुमचं कूपन ठरलेल्या गाडीचंच असतं.

उलट बाजूने, घरबसल्या ट्रेनचं चेक-इन करायचं आणि प्रवास मात्र मित्राच्या गाडीने, अशी युक्तीही काहीजण सांगतात. चेक-इन म्हणजे प्रवास नव्हे. ट्रेनमध्ये पास तपासला जातो. अशा भरवशावर आई-बाबांचं परतीचं विमान पणाला लावायला मी तरी तयार होणार नाही.

संप, उशीर, चुकलेली गाडी

जर्मन रेल्वेच्या वक्तशीरपणाबद्दल आपल्याकडे अजून फार आदर आहे. तिथे राहणारे त्यावर मनापासून हसतात. जानेवारी २०२४ मध्ये तर ट्रेनचालकांच्या संपामुळे सलग काही दिवस लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या बंद होत्या. अशा वेळी माणूस काय करतो? बस पकडतो, विमानतळ गाठतो आणि सुटलो म्हणतो. इथेच फसतो. गाडी रद्द झाली यात दोष तुमचा नसला, तरी ते कूपन तुमच्या नावावर न वापरलेलंच दिसतं. आधी कंपनीला कळवा, बुकिंगमध्ये तशी नोंद करून घ्या, मग बस पकडा. गाडी रद्द झाल्याचा ॲपमधला स्क्रीनशॉट जपून ठेवा.

उशिरा पोचल्याने विमान चुकलं तर घाबरण्याचं कारण नाही. एकाच तिकिटावर ट्रेन असण्याचा खरा फायदा तोच आहे: पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची. ट्रेन वेगळी विकत घेतली असती तर ती तुमची झाली असती.

ट्रेन नकोच असेल तर

ट्रेन सुटण्याआधी फोन करा, सुटल्यावर नव्हे. तिकीट एजंटकडून किंवा एखाद्या पोर्टलवरून घेतलं असेल, तर पहिला फोन त्यांनाच, कारण कंपनी बरेचदा तिकडेच बोट दाखवते. ट्रेनचा टप्पा काढून तिकीट नव्याने द्या असं सांगा आणि किती पैसे लागतील ते आधी विचारा. कधी थोडेच लागतात, कधी इतके की ट्रेन एकदम आवडायला लागते. ‘हो, चालेल’ या तोंडी उत्तरावर फोन ठेवू नका. नवं ई-तिकीट ईमेलवर आलं पाहिजे आणि त्यात ट्रेनची ओळ नसली पाहिजे.

ट्रेन आधीच सुटली असेल तर परतीच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी फोन करा. जागा शिल्लक असतील तर बुकिंग परत उभं करता येण्याची शक्यता असते, पण दिवस जातील तसं भाडं चढतं.

एक सूट मात्र खरी आहे. जर्मनीत राहणारा माणूस कोलोनहून मुंबईला जाऊन परत आला, तर फ्रँकफर्ट ते कोलोन ही त्याच्या तिकिटातली अगदी शेवटची ट्रेन. त्यानंतर रद्द होण्यासारखं काही उरतच नाही. बॅगाही फ्रँकफर्टलाच हातात मिळतात. एखाद्या वेळी मित्र न्यायला आला आणि ट्रेन सोडली तर आभाळ कोसळत नाही. दर वेळी मुद्दाम तसं करणं मात्र कंपनीच्या अटींविरुद्ध आहे.

आणि त्या मुलाचं काय? त्याने फ्रँकफर्टला जरूर जावं. इमिग्रेशन आणि बॅगा आटपून बाहेर येणाऱ्या आई-बाबांना भेटावं, बॅगांची ट्रॉली हातात घ्यावी आणि टर्मिनल एकवरून लांब पल्ल्याच्या स्थानकाकडे न्यावं. तिथले फलाट चार ते सात. एक ते तीन लोकलचे आहेत, ते वेगळ्या स्थानकात, तिकडे वळू नये. त्याच ट्रेनचं स्वतःचं तिकीट आधी काढून ठेवावं आणि तासाभराचा प्रवास तिघांनी शेजारी बसून करावा. त्याची कार कोलोन स्थानकाबाहेर लावलेली असली की झालं.