एलडीसाठी (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे वाचणं-लिहिणं-गणित शिकण्यातली अडचण) शाळेच्या काउन्सेलरला भेटायला जाताय? मग हे विचारूनच या

पोरगं तोंडी धडाधड उत्तरं देतं पण वहीत जोडाक्षरं गायब, वेलांट्या भलतीकडेच, आणि मग शाळेतून निरोप येतो काउन्सेलरला भेटा. नाशिकमधे हल्ली बऱ्याच शाळांत काउन्सेलर आहे, छान आहे, पण तिथे जाऊन फक्त "एलडी आहे का हो मॅडम" एवढं विचारून परत येऊ नका. एलडी ठरवायचे जे नियम आहेत ते मॅडमना स्वतःला कितपत पटतात हेपण विचारा. आगाऊपणा वाटेल, वाटू दे.

कारण असं की 2018 च्या सरकारी सूचनांत (2024 ला त्यांच्या जागी नवीन आल्या) आयक्यू 85 च्या वर आला तरच पुढे निम्हान्स बॅटरी, म्हणजे एलडी तपासायच्या टेस्टचा संच, घ्यायची असं होतं. मग 82 वाल्या पोराचं काय? तो स्लो लर्नर, एलडीत बसत नाही, विषय संपला. काही काउन्सेलर म्हणतात नियम म्हणजे नियम, नाहीतर उद्या सगळेच लेखनिक मागतील. काही म्हणतात वाचता येत नाही ना, मग आकडा गेला खड्ड्यात, आधी मदत सुरू करू. मला दुसऱ्या पटतात. अमेरिकेत 1977 पासून आयक्यू आणि अभ्यास यांच्यातली मोठी तफावत दाखवावी लागायची, त्यात पोरं पार मागे पडेपर्यंत वाट बघितली जायची, शेवटी 2004 च्या कायद्यानंतर राज्यांना ती अट सक्तीची ठेवता येईना. तिथले शाळेतले सायकॉलॉजिस्टसुद्धा यावर वर्षानुवर्षं भांडत होते, तेव्हा आपल्या मॅडमचं मत वेगळं असलं तर नवल नाही.

अजून एक विचारा, पोरगं आठवी-नववीत असेल तर टेस्ट कुठली घेणार? निम्हान्स बॅटरी सातवीपर्यंतच्या हिशोबाने बनलीय, मोठ्या पोरांत रिपोर्ट कसा वाचतात ते समजून घ्या.

एलडीचं दिव्यांग सर्टिफिकेट शाळेची काउन्सेलर देऊ शकत नाही, कॉलेज रोडच्या प्रायव्हेट क्लिनिकचा रिपोर्टपण सर्टिफिकेट नाही. त्यासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून त्र्यंबक रोडचं सिव्हिल हॉस्पिटल, आणि जायच्या आधी सायकॉलॉजिस्ट कुठल्या दिवशी असतात ते विचारून घ्या, हेलपाटा वाचेल. 2018 च्या सूचनांत वय किमान 8 लागायचं, मग 14 ला आणि 18 ला परत तपासणी, आत्ताचं काय ते तिथेच विचारून घ्या. सोबत वर्गातल्या खऱ्या वह्या न्या, चुकांसकट! ट्यूशनमधे छान उतरवून काढलेली वही नेलीत तर कोणाला काय दिसणार.

आणि सर्टिफिकेट येईपर्यंत शाळा हात वर करत असेल तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 16 दाखवा. एलडी लवकर ओळखा आणि शिकवण्यात उपाय करा असं त्यात शाळांनाच सांगितलंय. फळ्यावरचं उतरवण्यात सूट, तोंडी उत्तर चालेल, प्रश्न वाचून दाखवा, असं नेमकं लिहून अर्ज द्या आणि पोच घ्या, तोंडी बोललेलं पुढच्या वर्षी नवीन टीचर आली की गेलं.

दहावीला जास्तीचा वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर नववी सुरू होतानाच कागदांच्या मागे लागा, कारण प्रस्ताव शाळेमार्फतच बोर्डाकडे जातो आणि बोर्डाचे फॉर्म भरायच्या गडबडीत मुख्याध्यापकांना गाठणं अवघड असतं.