फुलांचा उंच वाफा बांधताना या चुका टाळा

विदर्भातील काळ्या जमिनीत फुलझाडांसाठी वाफा उंच का करावा लागतो, हे ज्यांनी समजून घेतलेले नसते, त्यांच्याच हातून बहुतेक चुका होतात. आपली भारी माती पावसाळ्यात फुगून चिकट होते व पाणी खाली जाऊ देत नाही, आणि उन्हाळ्यात ती इतकी आकसते की भेगांमध्ये हात जातो. झेंडू, शेवंती, गुलाब यांना मुळाशी साचलेले पाणी मुळीच सोसत नाही. त्यामुळे वाफा उंच करायचा तो पाण्याचा निचरा व्हावा म्हणून. अंगणाची शोभा ही त्यानंतरची गोष्ट आहे.

असे असताना वाफ्याचे टाके करून ठेवणे ही चूक मला दरवर्षी कुठे ना कुठे पाहावी लागते. माझ्या मावसभावाकडे घराच्या जोत्याचे काम सुरू होते, मिस्त्री हाताशी होता आणि थोडे सिमेंट उरले होते. तेवढ्यात वाफाही उरकून घ्यावा, असे त्याच्या मनात आले. मिस्त्रीने खाली कोबा केला, दोन फूट उंचीच्या विटांच्या भिंती बांधल्या आणि आतून गिलावाही केला. मी हटकले तेव्हा त्याचे उत्तर तयार होते : "खालून पानी वाया नाही जाईन काय, भाऊ?" वर भरण म्हणून तलावातून काढलेला गाळ ट्रॉलीभर आणून ओतला. गाळ हलक्या, मुरमाड शेतात पातळ पसरला तर सोने आहे. वाफ्यात मात्र तो नुसता भरला तर काळ्या मातीपेक्षाही घट्ट बसतो.

मृगात लावलेली शेवंती सुरुवातीला तरारली. नंतर आषाढात झड लागली आणि खालची पाने पिवळी पडू लागली, तेव्हा भाऊसाहेबांनी खत कमी पडले असे समजून युरिया टाकला. मी एक रोप उपटून पाहिले. मुळे काळी पडली होती, चिमटीत धरताच त्यांची साल सुटून येत होती आणि मातीला नालीसारखा वास येत होता. फुगलेल्या गाळाने लांबीकडची भिंत मधोमध बाहेर ढकलली होती. पुढे हिवाळ्यात तोच गाळ आकसून भिंतीपासून दोन बोटे सुटला आणि वरून घातलेले पाणी मुळांना न मिळता त्या फटीतून सरळ तळाला जाऊन बसू लागले. शेवटी सब्बलीने कोबा फोडावा लागला. ज्या सिमेंटची बचत होणार होती, त्याच्या कितीतरी पट मजुरी त्यात गेली.

माझी पद्धत साधी आहे. तळाला काहीही घालायचे नाही. उलट तिथली जमीन कुदळीने वीतभर खणून मोकळी करायची. विटांचा पहिला थर मसाल्याशिवाय, दोन विटांमध्ये बोटभर फट ठेवून रचायचा आणि उंची सव्वा फुटावर थांबवायची. तळाशी गिट्टीचा थर घालण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण बारीक मातीतले पाणी वरची माती पुरती भिजल्याशिवाय गिट्टीत उतरत नाही, म्हणजे निचरा सुधारण्याऐवजी ओल मुळांजवळच अडकून राहते. भरणासाठी मी दोन घमेली शेतातील माती, एक घमेले जाड रेती आणि एक घमेले कुजलेले शेणखत घेतो. मूठभर रेती टाकून माती हलकी होत नाही. रेतीत कंजुषी करायची असेल तर ती न टाकलेली बरी. मिश्रण ओलसर करून तळहातावर वळून पाहावे. त्याची लांब वात वळता येत असेल तर माती अजून भारी आहे.

दुसरी चूक शेणखताची. 'दसऱ्याला झेंडू पाहिजे' म्हणून ऑगस्टात वाफा बांधायला घेणाऱ्याला खत कुजण्याची वाट पाहायला वेळ नसतो, आणि मग गोठ्यातले शेण जवळजवळ तसेच वाफ्यात जाते. कच्चे शेण मातीत कुजताना तापते आणि कोवळी मुळे जळतात. शिवाय हुमणी (मुळे खाणारी अळी) आणि उधई (वाळवी) यांना आयते आमंत्रण मिळते. हुमणीने मुळे खाल्लेले रोप ओलीतही सुकते आणि नुसते धरले तरी हातात येते. मी मागच्या वर्षीच्या खड्ड्यातलेच खत वापरतो आणि ते चाळून घेतो. खतात हात घातल्यावर ऊब लागली किंवा शेणाचा वास आला, तर ते पुन्हा खड्ड्यात जाते. घाई असलेल्याने त्या वर्षी झेंडू बाजारातून आणावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वाफा चैत्र-वैशाखात भरून, एकदोनदा पाणी देऊन बसू द्यावा लागतो, कारण भरण काही बोटे खाली जातेच आणि नंतर रोपांच्या मुळाशी माती ओतत बसावे लागते.

चुलीची राख फुलझाडांना चांगली, हा समज आपल्याकडे पक्का आहे. आपली काळी माती बहुतेक ठिकाणी मुळातच विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची, व चुनखडीयुक्त असते आणि राखेने ती अधिकच विम्ल होते. मग गुलाबाची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. अशा वेळी हिराकस, म्हणजे लोह पुरवणारे फेरस सल्फेट, नुसते मातीत टाकू नये, ते चुनखडीत अडकून पडते. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावे.

वाफ्याची रुंदी चार फुटांपेक्षा जास्त ठेवू नये, नाहीतर मधले तण काढायला आत पाय द्यावा लागतो. घराच्या भिंतीला चिकटून तर वाफा मुळीच बांधू नये, कारण ओल आणि उधई दोन्ही घरात शिरतात. भरण विटांच्या काठाच्या तीन बोटे खालीच ठेवावे. दहा फूट लांब, चार फूट रुंद आणि सव्वा फूट उंच वाफ्याला पन्नास घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास भरण लागते. हा हिशेब न करता अख्खा ब्रास मागवणाऱ्यांच्या अंगणात उरलेला ढीग पोळ्यापर्यंत पडलेला असतो.

मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की विटा तापून काठाची माती आधी सुकते. त्यासाठी सोयाबीनच्या कुटाराचा (भुसकटाचा) पातळ थर घालावा, मात्र तो खोडापासून चार बोटे दूर असावा. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीतले पाणीच खारे आहे तिथे, बोअरचे पाणी रोज थोडे थोडे शिंपडणे सर्वांत वाईट, कारण पाणी उडून जाते आणि पांढरा थर वर साचतो. तिथे दिवसाआड पण भरपूर पाणी द्यावे आणि पहिल्या पावसाचे पाणी वाफ्यातून पूर्ण झिरपू द्यावे, म्हणजे साचलेले क्षार खाली निघून जातात. अर्थात तळ मोकळा असेल तरच.