वर्गणीचं ॲप क्लाउड डेटाबेसला जोडताना

समजा, बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका गणेश मंडळाला वर्गणीची पावती मोबाइलवर फाडायची आहे. नोड-एक्सप्रेसमधलं (सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टमधलं) ॲप तयार आहे, लॅपटॉपवरच्या पोस्टग्रेस या डेटाबेसवर ते नीट चालतं. आता डेटाबेस क्लाउडवर न्यायचा. इथे उदाहरणाला सुपाबेस, म्हणजे क्लाउडवर पोस्टग्रेस चालवून देणारी सेवा, घेतली आहे. दुसरी सेवा घेतलीत तरी अडायच्या जागा बहुतेक याच असतात.

प्रोजेक्ट उघडताना पहिल्याच पानावर रीजन, म्हणजे डेटाबेस कुठल्या ठिकाणी ठेवायचा ते, विचारतात. बडोद्याला जवळचं म्हणून मुंबई निवडून मोकळे होऊ नका. आधी ॲपचा सर्व्हर कुठे चालणार ते पाहा, डेटाबेस तिथेच ठेवा. माणूस सर्व्हरशी एकदा बोलतो, पण एक पान उघडायला सर्व्हर डेटाबेसकडे दहा-पंधरा वेळा जातो. सर्व्हर अमेरिकेत आणि डेटाबेस मुंबईत असेल तर प्रत्येक फेरीला 200 मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. एकामागून एक 15 क्वेरी (डेटाबेसला केलेल्या विचारणा) म्हणजे तीन सेकंद गेले. होस्टिंगवाल्याकडे मुंबई नसून सिंगापूर असेल, तर डेटाबेसही सिंगापूरलाच. नंतर रीजन बदलता येत नाही, नवा प्रोजेक्ट करून सगळा डेटा हलवावा लागतो.

मग 'कनेक्ट' बटणाखाली जोडणीचे पत्ते मिळतात. थेट पत्ता 5432 पोर्टचा असतो आणि मुळात फक्त आयपीव्ही6 वर, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीवर, चालतो. घरच्या ब्रॉडबँडवर किंवा होस्टिंगवर आयपीव्ही6 नसेल तर 'नेटवर्क अनरीचेबल' येतं, आणि माणूस उगाच पासवर्ड बदलत बसतो. अशा वेळी पूलरचा, म्हणजे डेटाबेसच्या जोडण्या वाटून देणाऱ्या मध्यस्थाचा, पत्ता घ्या. त्यात युजरचं नाव नुसतं 'पोस्टग्रेस' नसतं, पुढे टिंब आणि प्रोजेक्टची खूण असते. ती गाळली की 'टेनंट ऑर युजर नॉट फाउंड' ठरलेलं.

हा अख्खा पत्ता कोडमध्ये लिहू नका, सर्व्हरच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (कोडबाहेरच्या सेटिंगमध्ये) ठेवा. लॅपटॉपवरची एन्व्ह फाइल गिटइग्नोरमध्ये (गिटवर न चढवायच्या फाइलींच्या यादीत) हवी. ती चुकून एकदा गिटवर चढलीच, तर फाइल पुसून भागत नाही, इतिहासात राहतेच, पासवर्डच बदला. पासवर्डमध्ये @ किंवा # असेल तर पत्त्यात त्याजागी %40 आणि %23 लिहावं लागतं, नाहीतर पत्ता भलतीकडेच तुटतो. सरळ उपाय म्हणजे फक्त अक्षरं-आकड्यांचा, पण चांगला लांब पासवर्ड.

एसएसएलची (एन्क्रिप्टेड जोडणीची) तक्रार आली की इंटरनेटवर हमखास सापडणारा सल्ला म्हणजे 'रिजेक्ट अनऑथराइज्ड' फॉल्स करा. त्याने तक्रार थांबते खरी. माहिती एन्क्रिप्ट होऊनच जाते, पण समोर खरंच आपलाच डेटाबेस आहे का, हे तपासणं बंद होतं. त्यापेक्षा डॅशबोर्डवरून सर्टिफिकेट उतरवून जोडणीत द्या. पाच मिनिटांचं काम आहे.

खरी गंमत पूलमध्ये, म्हणजे उघड्या ठेवलेल्या जोडण्यांच्या साठ्यात, आहे. पोस्टग्रेसशी बोलणाऱ्या नोडच्या पीजी लायब्ररीचा पूल संपूर्ण ॲपमध्ये एकदाच बनवायचा, प्रत्येक रिक्वेस्टला नवा नाही. मुळात त्यात जास्तीत जास्त 10 जोडण्या असतात, म्हणजे सर्व्हरच्या चार प्रती चालल्या तर 40. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा 100 असते, सुपाबेसच्या लहान प्रोजेक्टला त्याहूनही कमी, आणि सुपाबेस स्वतःही त्यातल्या काही वापरतं. सर्व्हरलेस फंक्शन (विनंती आली की तेवढ्यापुरता चालणारा कोड) असेल तर प्रत्येक प्रत आपला वेगळा पूल उघडते. तिथे 6543 पोर्टचा ट्रान्झॅक्शन पूलर वापरा. टेबलांची रचना बदलणारं मायग्रेशन मात्र थेट पत्त्यावरून चालवा, आयपीव्ही6 नसेल तर 5432 पोर्टच्या सेशन पूलरवरून.

ट्रान्झॅक्शनसाठी (एकत्रच पार पडायच्या क्वेरींसाठी) पूलमधून क्लायंट, म्हणजे एक जोडणी, घेतलात तर तो परत सोडणं 'फायनली'मध्येच (एरर आली तरी चालणाऱ्या भागात) लिहा. मध्येच एरर येऊन सोडायचा राहिला, की अशा दहा चुकांनंतर ॲप गप्प बसतं. एररसुद्धा येत नाही, कारण जोडणीसाठी थांबायची मूळ मुदत 0, म्हणजे कितीही वेळ, अशी असते. ती 5000 मिलिसेकंद करा. पूलच्या 'एरर' इव्हेंटला हँडलरही लावा; तो नसेल तर रिकामी बसलेली एखादी जोडणी तुटल्यावर अख्खी प्रोसेस पडते.

जोडणी होत नसेल तर एरर नीट वाचा. नुसतं 'नॉट फाउंड' (ENOTFOUND) म्हणजे बहुधा होस्टचं नाव चुकलं. 'टाइम्ड आउट' म्हणजे वाटेत फायरवॉल आहे किंवा तुमचा आयपी परवानगीच्या यादीत नाही. घरच्या नेटचा आयपी बदलत असतो, त्यामुळे काल चाललेलं आज अडतं. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' दिसलं आणि पत्ता लोकलहोस्टचा असला, तर व्हेरिएबल वाचलंच गेलेलं नाही. 'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड' आलं तर उलट बरं समजा, वाट मोकळी आहे, फक्त किल्ली चुकली.

जोडणी झाली तरी हिशेब एकदा तपासाच. 'न्यूमेरिक' आणि 'बिगइंट' रकाने ही लायब्ररी मजकूर म्हणून देते, त्यामुळे 501 आणि 251 ची बेरीज 752 न येता 501251 येते. बेरीज एसक्यूएलमध्ये करा आणि आलेलं उत्तर आकड्यात बदलून घ्या. वेळेचा रकाना टाइमझोनसह ठेवा. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (भारतापेक्षा साडेपाच तास मागे) असतं, म्हणून पहाटे साडेपाचच्या आधीची वर्गणी आदल्या तारखेला पडते. तारीख काढताना 'एशिया/कोलकाता' स्पष्ट लिहा.

आणि विसर्जन झालं की लगेच पीजी-डंपने (पोस्टग्रेसमधला डेटा फाइलीत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमने) सगळा डेटा उतरवून घ्या. सुपाबेसचा फुकटचा प्रोजेक्ट आठवडाभर वापरात नसला की थांबवला जातो, आणि मंडळाचं ॲप तर दहा-अकरा महिने कोणी उघडत नाही. पीजी-डंपची आवृत्ती सर्व्हरच्या पोस्टग्रेसपेक्षा जुनी असली तर ते चालायलाच नकार देतं, म्हणून ती आधी जुळवून घ्या. उतरवलेली फाइल लॅपटॉपवरच्या पोस्टग्रेसमध्ये भरून पाहा आणि वर्गणीची एकूण बेरीज खजिनदाराच्या वहीशी ताडून घ्या.